निबंध पाठ करणारा वर्ग स्वतःचे कधी लिहू लागेल?

वाचक शिक्षिकेचे पत्र

सप्रेम नमस्कार. मी नाशिकमध्ये, सातपूर भागातील एका अनुदानित शाळेत सहावीला मराठी शिकवते. वर्गात ५२ मुले आहेत. बहुतेकांचे पालक औद्योगिक वसाहतीत कामाला आहेत. काही घरांत अहिराणी बोलली जाते, तर काही घरांत हिंदी किंवा भोजपुरी. 'पावसाळा' या विषयावर लिहायला सांगितले, तेव्हा चाळीसहून अधिक वह्यांत 'मोर पिसारा फुलवून नाचू लागतात' हे एकच वाक्य सापडले, कारण ते गाईडमध्ये आहे. समानार्थी शब्द मुले घडाघडा म्हणतात, पण लिहिताना 'छान', 'सुंदर' आणि 'खूप' यांच्यापलीकडे जात नाहीत. कविता शिकवायला घेतली की 'मॅडम, अर्थ लिहून देणार ना?' हा पहिला प्रश्न येतो. वह्या तपासण्यात रात्री जातात आणि तीच चूक पुढच्या आठवड्यात पुन्हा दिसते. पालक म्हणतात, दुसऱ्या शाळेत निबंध पाठ करून घेतात, तुम्ही का घेत नाही? एक मुलगा तर वर्षाच्या सुरुवातीपासून कोरी वही देतो आहे. मी सुरुवात कोठून करावी?

— एक शिक्षिका, नाशिक

उत्तर

सप्रेम नमस्कार.

मोराच्या त्या वाक्यात व्याकरणाची चूक नाही, शुद्धलेखनाचीही नाही, आणि तरीही ते चाळीस मुलांपैकी एकाचेही नाही. मुले आळशी आहेत म्हणून हे झाले, असे मला वाटत नाही. शाळेत जे लिहायचे ते आधीच कोणीतरी मान्य केलेले असावे लागते, आपल्या डोळ्यांनी पाहिलेले तेथे चालत नाही, हा धडा त्यांनी पाच वर्षे मन लावून गिरवला आहे. तुमच्या पत्रातील निबंध, शब्दसंपत्ती, कविता आणि तपासणी या चारही अडचणी मला या एका समजुतीपाशी येऊन मिळताना दिसतात. म्हणून माझे सांगणे असे की, पहिले दोन महिने चांगले लिहून घेण्याचा आग्रह बाजूला ठेवावा आणि मुलांना जे खरोखर माहीत आहे तेच वहीत येईल, एवढीच एक गोष्ट साधावी. भाषेचे पुढचे सारे काम त्यावर उभे राहते.

त्यासाठी प्रथम विषय लहान करा. 'पावसाळा' हा विषय अकरा वर्षांच्या मुलासाठी फार मोठा आहे. एवढ्या मोठ्या विषयात शिरायला त्याला स्वतःची वाट सापडत नाही, म्हणून तो गाईडची वाट धरतो. त्याऐवजी 'पहिल्या मोठ्या पावसात आमच्या गल्लीत पाणी कोठे साचते', 'दप्तर भिजले त्या दिवशी', 'नासर्डीला पूर आला तेव्हा पुलावर कोण कोण उभे होते' असे विषय द्या. नाशिकच्या मुलाला पुराचे वर्णन करायला अलंकारांची गरजच नाही. गंगापूर धरणातून विसर्ग सुरू झाला की सारे शहर गोदावरीच्या पात्रात रामकुंडाजवळ असलेल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे पाहते, आणि पाणी मारुतीच्या गुडघ्याला लागले, कमरेला लागले की गळ्यापर्यंत आले, यावरून पुराची मोजणी होते. 'गोदावरीने रौद्र रूप धारण केले' या वाक्यापेक्षा 'पाणी मारुतीच्या कमरेपर्यंत आले आणि घाटावरच्या टपऱ्या हलवायला सुरुवात झाली' हे वाक्य किती तरी अधिक सांगते, हे मुलांना दोन्ही वाक्ये फळ्यावर शेजारी शेजारी लिहून दाखवा आणि कोणत्या वाक्यात त्यांना पाणी दिसते, हे त्यांनाच विचारा.

गाईडवर बंदी घालू नका, कारण बंदी घातलेली वस्तू दप्तरात तळाशी जाते, एवढेच होते. उलट तेच गाईड वर्गात उघडायला सांगा. त्यातील पावसाळ्याचा निबंध प्रत्येकाने वाचावा आणि जे वाक्य स्वतः पाहिले-अनुभवले आहे त्याखाली रेघ ओढावी, जे पाहिलेले नाही ते पेन्सिलीने खोडावे. बहुतेक वह्यांत दोन-तीनच वाक्ये उरतील. मग त्या उरलेल्या वाक्यांच्या मध्ये स्वतःला माहीत असलेले काय घालता येईल, ते आधी शेजाऱ्याला सांगावे आणि मग लिहावे. हा एक तास तुम्हाला निबंधलेखनावरील पुष्कळ व्याख्यानांचे काम करून देईल.

'आधी शेजाऱ्याला सांगावे' हे मी सहज लिहिलेले नाही. ५२ मुलांच्या वर्गात प्रत्येकाचे ऐकणे तुम्हाला शक्य नाही, पण प्रत्येक मुलाला ऐकणारा एक जोडीदार देणे शक्य आहे. लिहिण्याआधी पाच मिनिटे एकाने सांगायचे, दुसऱ्याने फक्त प्रश्न विचारायचे, आणि मग अदलाबदल करायची. प्रश्न कोणते विचारायचे, ते मात्र शिकवावे लागते. समजा, 'बाबांची तिसरी पाळी' हा विषय दिला आहे. तुमच्या वर्गातील निम्म्या मुलांना तो कोणत्याही गाईडपेक्षा जास्त माहीत असेल. एखादी मुलगी म्हणेल, 'बाबा सकाळी घरी आले. ते खूप थकले होते.' जोडीदाराने येथे थांबवून विचारावे, 'ते थकले आहेत हे तुला कशावरून कळले?' मग उत्तर येते, की त्यांनी डबा ओट्यावर ठेवला, चहा नको म्हणाले आणि सॉक्स न काढताच आडवे झाले, आणि आईने आम्हाला टीव्हीचा आवाज बंद करायला सांगितला. आता 'खूप' या शब्दाची गरज उरली नाही. 'खूप', 'छान', 'सुंदर' हे शब्द वापरू नका असा नियम फळ्यावर लिहिण्यापेक्षा, ते शब्द आले की 'कशावरून?' असे विचारण्याची सवय वर्गाला लावणे अधिक उपयोगाचे आहे. तेव्हा कोणता आवाज येत होता, हातात काय होते, कोण नेमके काय बोलले, हे आणखी तीन प्रश्न पुरेसे आहेत. ते एका पुठ्ठ्यावर लिहून भिंतीला लावून ठेवावेत.

घरातील सगळेच वर्गात सांगावेसे वाटत नाही, याचे भान मात्र ठेवावे. ज्या मुलाच्या वडिलांचे काम सुटले आहे किंवा ज्या घरात भांडणे आहेत, त्याला असा विषय जड जाईल. म्हणून प्रत्येक वेळी दोन विषय द्यावेत, त्यातील एक घराबाहेरचा असावा, आणि लिहिलेले मोठ्याने वाचायचे की नाही हे ठरवण्याचा हक्क लिहिणाऱ्याकडे राहू द्यावा.

मुलांबरोबर तुम्हीही लिहा, आणि फळ्यावर, त्यांच्यासमोर लिहा. मुलांनी आजवर शिक्षकाचे लेखन नेहमी पूर्ण झालेलेच पाहिलेले असते; लिहिणारा माणूस थांबतो, एक शब्द खोडतो, दुसरा घालून पाहतो, वाक्य खालून वर नेतो, हे त्यांनी कधी पाहिलेलेच नसते. त्यामुळे खाडाखोड म्हणजे अपयश, असा त्यांचा समज होतो आणि गिचमिड नको म्हणून ती एकच सुरक्षित वाक्य लिहून थांबतात. प्रत्येक लेखनाचा आधी कच्चा खर्डा असावा, त्यात हवी तेवढी काटछाट चालावी आणि सगळ्याच खर्ड्यांची पक्की प्रत करायला लावू नये. महिन्यातून एक लेखन मुलाने स्वतः निवडावे आणि तेवढेच नीट उतरवून काढावे.

आता शब्दसंपत्तीविषयी. समानार्थी शब्दांच्या याद्या पाठ करून शब्द येत नाहीत, याचे कारण त्या यादीतच आहे. यादी मुलाला सांगते की पाणी, जल, नीर, उदक हे सारे एकच आहे. पण 'जरा ग्लासभर उदक दे' असे कोणी म्हणत नाही, पूजेच्या संकल्पात मात्र 'उदक सोडतात', आणि 'पाणी सोडणे' हा वाक्प्रचार एखाद्या गोष्टीची आशा सोडणे असा वेगळाच अर्थ देतो. कोणता शब्द कोठे शोभतो हे यादीत नसते, ते वाक्यात असते, म्हणून मूल यादी म्हणून दाखवते आणि लिहिताना तिच्याकडे वळत नाही.

त्याऐवजी एका क्रियेभोवतीचे शब्द घ्या आणि ते करून दाखवायला लावा. 'चालणे' घेतले तर रेंगाळणे, भटकणे, लंगडणे, पाय ओढत जाणे, लगबगीने जाणे, दबकत जाणे, तरातरा निघणे असे शब्द निघतात. चिठ्ठीवर एक शब्द द्यावा, मुलाने दारापासून फळ्यापर्यंत तसे चालून दाखवावे, वर्गाने शब्द ओळखावा. 'उचलणे' घेतले तर पेलणे, वाहणे, ओढणे, ढकलणे, सरकवणे, खांद्यावर टाकणे, काखोटीला मारणे. अंगाने अनुभवलेला शब्द लेखनात लवकर येतो, आणि मराठीची श्रीमंती विशेषणांपेक्षा क्रियापदांत अधिक आहे, असे माझे ठाम मत आहे. 'तो हळू चालत आला' आणि 'तो रेंगाळत आला' यांतला फरक मुलाला एकदा जाणवला, की ते स्वतःहून शब्द शोधू लागते.

घरातून शब्द आणायला सांगा. तुमच्या वर्गातील काही मुलांचे आजोळ निफाड, दिंडोरी, लासलगाव, पिंपळगाव या पट्ट्यात असेलच. तेथून सुट्टीहून आलेल्या मुलाला कांद्याचे रोप, लागवड, काढणी, पात, गोल्टी, चाळ हे शब्द माहीत असतात. द्राक्षबागेची छाटणी, घड, विरळणी, बेदाणा हेही त्याने ऐकलेले असतात. सातपूर-अंबडच्या मुलाला पाळी, लेथ, फिटर, जॉब, ओव्हरटाइम हे शब्द माहीत असतात. पाठ्यपुस्तकात नसलेले हे शब्द वर्गाच्या एका मोठ्या वहीत नोंदवा, आणि प्रत्येक शब्दासमोर तो कोण, कधी म्हणते आणि त्याचे एक खरे वाक्य लिहा. 'चाळ' हा शब्द गिरणगावातील मुलाला एक अर्थ देतो आणि निफाडच्या मुलाला कांदा साठवण्याची जागा दाखवतो, हे वर्गाने स्वतः शोधून काढले की शब्दकोशाविषयी कुतूहल आपोआप निर्माण होते. त्या वेळी कोश वर्गात आणा आणि वर्णानुक्रमाने शब्द शोधायला शिकवा. क्ष आणि ज्ञ कोठे पाहायचे, हे त्या त्या कोशाची सुरुवात वाचून दाखवावे, कारण सर्व कोशांची मांडणी सारखी नसते. तुमच्या स्वतःच्या संदर्भासाठी दाते-कर्वे यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश' इंटरनेटवर पाहता येतो, त्यात बोलींतील आणि व्यवसायांतील शब्दही भरपूर आहेत.

शब्दसंपत्तीच्या नावाखाली ज्यांच्याकडे आपण सर्वांत कमी लक्ष देतो ते शब्द म्हणजे वाक्ये जोडणारे शब्द. कारण, म्हणून, तरी, परंतु, अन्यथा, त्याऐवजी, जोपर्यंत-तोपर्यंत, इतका-की, जरी-तरी हे शब्द ज्या मुलाच्या हाती नाहीत, त्याचा विचार कितीही चांगला असला तरी कागदावर तो सुटा सुटाच पडतो. रोज तासाच्या सुरुवातीला एक वाक्य फळ्यावर लिहावे आणि ते तीन प्रकारे पुरे करायला सांगावे. 'गंगापूर धरणातून पाणी सोडले, कारण…', 'गंगापूर धरणातून पाणी सोडले, म्हणून…', 'गंगापूर धरणातून पाणी सोडले, तरी…'. 'कारण'ने मुलाला मागे पाहावे लागते, 'म्हणून'ने पुढे पाहावे लागते, आणि 'तरी' लिहिताना अपेक्षेच्या उलट काय घडले याचा विचार करावा लागतो. सगळ्यात जास्त मुले 'तरी'पाशी अडतील आणि तेथेच सर्वांत चांगली वाक्येही येतील. विज्ञान आणि इतिहासाच्या शिक्षकांना हा सराव त्यांच्या धड्यांतील वाक्यांवर करायला सांगा, कारण त्या विषयांची उत्तरेही मुले याच शब्दांअभावी तुटक लिहितात.

अहिराणी आणि हिंदी बोलणाऱ्या मुलांविषयी तुम्ही एकाच ओळीत लिहिले आहे, पण मला तो तुमच्या पत्रातील सर्वांत महत्त्वाचा भाग वाटतो. बागलाण, कळवण, मालेगावकडून आलेल्या घरातील मूल 'मना बाप वावरमा जास' असे म्हणते, आणि वर्ग हसतो. त्या हसण्यानंतर ते मूल बोलायचे थांबते, आणि जे बोलत नाही ते लिहीतही नाही. म्हणून पहिला नियम असा असावा, की बोलण्याच्या पाच मिनिटांत कोणतीही भाषा चालेल आणि कच्च्या खर्ड्यातही चालेल. दुसरे असे, की ते वाक्य सन्मानाने फळ्यावर घ्यावे आणि त्याच्या शेजारी 'माझे वडील शेतात जातात' हे वाक्य लिहावे. 'वावरमा' यातील 'मा' जे काम करतो ते 'शेतात' यातील 'त' करतो. 'बाप… जास' आणि 'वडील… जातात' यांत आदर दाखवण्याची रीत वेगळी आहे. हे वर्गाला त्या मुलानेच समजावून द्यावे. विभक्तीचा तक्ता पाठ करून जे कळत नाही ते येथे दहा मिनिटांत कळते, आणि कळते ते अहिराणी बोलणाऱ्या मुलामुळे, हे साऱ्या वर्गासमोर घडते. प्रमाण मराठी शिकवायची आहेच. परीक्षेत, अर्जात, नोकरीत ती लागणार आहे आणि ती न शिकवणे हा मुलांवर अन्याय होईल. पण घरची भाषा पुसून ती शिकवता येत नाही, घरच्या भाषेच्या शेजारी ठेवूनच शिकवता येते.

हिंदी बोलणाऱ्या मुलांच्या चुका निष्काळजीपणाच्या नसतात, त्यांना कारण असते. हिंदीत दोनच लिंगे आहेत, मराठीत तीन, त्यामुळे 'तो पुस्तक', 'माझा घर' अशी वाक्ये येतात. नपुंसकलिंगाची व्याख्या सांगून याचा उपयोग होत नाही. ते घर, ते झाड, ते पाणी, ते दार, ते दप्तर असे रोजच्या वस्तूंचे शब्द 'ते'सकट कानावर पडावे लागतात. वस्तूंवर चिठ्ठ्या लावा, आणि नुसते 'दार' न लिहिता 'ते दार' असे लिहा. काही महिन्यांनी मूल चुकीचे वाक्य ऐकून स्वतःच थबकेल.

वह्यांच्या तपासणीबद्दल माझे मत काही शिक्षकांना पटणार नाही, पण मी ते स्पष्ट सांगते. प्रत्येक वहीतील प्रत्येक चुकीला लाल रेघ मारण्याने मुलांचे शुद्धलेखन सुधारत नाही. लाल रेघांनी भरलेले पान मूल वाचत नाही, ते फक्त पान उलटते. आधी मजकुराविषयी एक वाक्य लिहा, आणि ते 'छान'पेक्षा अधिक काही सांगणारे असावे: 'डबा ओट्यावर ठेवल्याचे वाचले तेव्हा तुमचे घर मला दिसले, मग आईने काय केले?' असे एखादे. हे वाक्य मुलाला सांगते की त्याचे लिहिणे कोणीतरी वाचले. त्यानंतर त्या पंधरवड्यात शिकवलेल्या एकाच नियमाच्या चुका दाखवा, बाकीच्या सोडून द्या. वर्गाचे पाच गट करा आणि दर आठवड्याला एका गटाच्या वह्या सविस्तर तपासा. बाकीच्यांचे नुसते वाचा. असे केले तर तुमच्या रात्री मोकळ्या होतील, आणि थकलेल्या शिक्षकाकडून मुलांचे लेखन प्रेमाने वाचले जात नाही, हेही तितकेच खरे आहे.

आपल्या शुद्धलेखनाचे नियम मराठी साहित्य महामंडळाने केलेले आहेत. त्यातील चौदा १९६२ मध्ये शासनमान्य झाले आणि १९७२ मध्ये चारांची भर पडली. सहावीला ते अठरा नियम पाठ करून घेण्याची आवश्यकता नाही. ह्रस्व-दीर्घाच्या चुकांपैकी फार मोठा भाग एका जोडनियमाने आटोक्यात येतो: मराठी शब्दाचे शेवटचे अक्षर अकारान्त असेल तर त्याच्या आधीचा इकार किंवा उकार दीर्घ, जसे फूल, मूल, पीठ, बहीण, जमीन, आणि शब्दाला प्रत्यय लागला की तोच ह्रस्व, जसे फुलाला, मुलाने, पिठात, बहिणीचा, जमिनीवर. गुण, सुख, विष, हित यांसारखे संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द याला अपवाद, आणि 'शरीर'चे 'शरीराला' होताना दीर्घ तसाच राहतो, हेही ओघात येईल. पण नियम सांगण्याआधी 'फूल-फुलाला' अशा पंधरा-वीस जोड्या फळ्यावर लिहून नियम मुलांनाच शोधू द्यावा. ज्या मुलांनी तो शोधला ती तो विसरणार नाहीत, आणि मग स्वतःच्याच वहीत हिरव्या पेन्सिलीने चुका शोधण्याचा खेळही खेळता येतो.

कवितेच्या तासाला मुले अर्थ मागतात, कारण परीक्षेत अर्थ विचारला जातो आणि अर्थाचा मालक शिक्षक असतो असे त्यांना वाटते. पहिल्या तासाला अर्थ सांगूच नका. कविता तुम्ही मोठ्याने वाचा, थोड्या वेळाने पुन्हा वाचा, मग दोन-तीन मुलांना वाचू द्या. नंतर प्रत्येकाने आवडलेली किंवा खटकलेली एक ओळ निवडावी, ती वहीत सुवाच्य उतरवून घ्यावी आणि ती का निवडली एवढेच सांगावे. कोणी म्हणेल की शब्द म्हणायला मजा येते. तेही उत्तर पूर्ण आहे. अवघड शब्दाचा अर्थ अवश्य सांगा, त्यात काही दडवून ठेवण्यासारखे नाही, पण ओळीचा भाव सांगण्याची घाई करू नका. दुसऱ्या तासाला मुलांच्या निवडींतूनच प्रश्न निघतात, आणि 'मध्यवर्ती कल्पना' त्यानंतर त्यांच्या शब्दांत लिहून घेतली तर परीक्षेचेही काम भागते.

छंद आणि रचना लहान मुलांना जड जातील असे समजून आपण ती टाळतो, हे मला योग्य वाटत नाही. अकरा वर्षांच्या मुलाला मोजायला आवडते. मोठ्या अभंगाच्या पहिल्या तीन चरणांत सहा-सहा आणि चौथ्यात चार अक्षरे असतात, आणि दुसऱ्या-तिसऱ्या चरणांचे यमक जुळते. पाठ्यपुस्तकातील अभंग घेऊन मुलांना बोटांवर अक्षरे मोजू द्या, जेथे संख्या थोडी कमी-जास्त भरते तेथे म्हणताना ती कशी सांभाळली जाते ते गाऊन पाहू द्या. हे करण्यासाठी तुमच्या शाळेइतकी चांगली जागा दुसरी नाही. पौष महिन्यात निवृत्तिनाथांच्या यात्रेसाठी त्र्यंबकेश्वरकडे जाणाऱ्या दिंड्या त्र्यंबक रस्त्याने सातपूरवरूनच पुढे जातात. त्या आठवड्यात अभंगाचा पाठ घ्या, एका सकाळी वर्गाला रस्त्याच्या कडेला नेऊन उभे करा, टाळ-मृदंगाच्या ठेक्यात चरण कोठे संपतो ते ऐकू द्या, आणि परत आल्यावर प्रत्येकाला सहा-सहा-सहा-चारच्या चार चरणांत स्वतःचे काही लिहायला सांगा. विषय शाळेची घंटा, मधली सुट्टी, तुटलेली चप्पल असा कोणताही चालेल. त्याच पद्धतीने घरातील आजीकडून जात्यावरच्या ओव्या, उखाणे, कोडी उतरवून आणता येतात. खानदेशी घरांत श्रावणात कानबाई देवी बसते, तिची अहिराणी गाणी वर्गात आली तर साहित्य पाठ्यपुस्तकापुरते नाही, हे वेगळे सांगावे लागत नाही.

रोज दहा मिनिटे तुम्ही मोठ्याने वाचून दाखवावे, आणि त्या वाचनावर एकही प्रश्न विचारू नये. बालभारतीचे 'किशोर' मासिक १९७१ पासून निघते आहे आणि त्याचे जुने अंक त्यांच्या संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतात; तेथून कथा निवडा. १८४० पासून चालत आलेले सार्वजनिक वाचनालय आपल्याच गावात आहे, तेथे वर्षातून एकदा तरी वर्गाला घेऊन जा. कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या 'ग्रंथ तुमच्या दारी' उपक्रमातून वाचकगटांना पुस्तकांच्या पेट्या मिळतात. शाळेसाठी काय करता येईल, याची तेथे चौकशी करा. २७ फेब्रुवारीला कुसुमाग्रजांच्या जन्मदिनी शाळेत भाषणे होतीलच. त्या दिवशी व्हरांड्यात दोऱ्या बांधून तुमच्या मुलांनी निवडलेली पक्की लेखने लावा आणि पालकांना ती वाचायला बोलवा.

पालकांचा प्रश्नही तेथेच बराचसा सुटेल. पाठांतर वाईट आहे असे त्यांना सांगत बसू नका, कारण त्यांची काळजी गुणांची आहे आणि ती खरी आहे. पालकसभेत नावे झाकून एक पाठ केलेला निबंध आणि एक मुलीने स्वतः लिहिलेला मजकूर वाचून दाखवा, आणि परीक्षेत विषय थोडा बदलून आला तर कोणते मूल अडेल, हे त्यांनाच विचारा. पत्राचा मायना, अर्जाची मांडणी, बातमीचा साचा या गोष्टी मात्र ठरलेल्याच असतात. त्या परीक्षेपूर्वी काही तासांत चक्क पाठ करून घ्याव्यात.

राहिला कोरी वही देणारा मुलगा. त्याला इतरांसमोर कारण विचारू नका. आधी त्याला अक्षरे वाचता येतात का, फळा नीट दिसतो का, हे शांतपणे पाहून घ्या. सहावीपर्यंत वाचन न आलेली मुले गप्प राहून ते लपवायला शिकलेली असतात. वाचता येत नसेल तर लेखनाचा आग्रह सोडून त्याच्यासाठी वाचनाची वेगळी वेळ काढावी लागेल, आणि मुख्याध्यापकांना त्यात घ्यावे लागेल. वाचता येत असेल, तर मधल्या सुट्टीत त्याला जवळ बसवा आणि त्याला येत असलेली एखादी गोष्ट, पतंगाचा मांजा, सायकलचे पंक्चर, काहीही, सांगायला लावा. तो ज्या भाषेत बोलेल त्या भाषेत, एक शब्दही न बदलता, तुम्ही त्याच्या वहीत उतरवून घ्या आणि त्याला वाचायला द्या. पुढच्या वेळी पहिली दोन वाक्ये तुम्ही लिहा आणि तिसरे अर्धे सोडून पेन त्याच्याकडे द्या. वर्ग कितीही पुढे गेला तरी त्याच्यासाठी हा क्रम सोडू नका, आणि त्याच्या वहीत चुका दाखवण्याचे काम या वर्षी मुळीच करू नका.